तार, कापड आणि आकार : वाचकांचे प्रश्न

शाळांच्या स्नेहसंमेलनांची आणि हौशी नाट्यमंडळांच्या तयारीची चाहूल लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास वाढतो : कापडाला तारेच्या साहाय्याने आकार कसा द्यावा? या वेळी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून आलेली पाच पत्रे निवडली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘किती गेजची (म्हणजे किती जाडीची) तार घ्यावी’ असे विचारले आहे. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुढे दिलेही आहे. मात्र आजवर मी जे बिघडलेले पोशाख उसवून पाहिले, त्यांतील बहुतेकांत तारेची जाडी ठीकच होती; तार कापडाला आणि कापड शरीराला कसे जोडले होते, तिथे चूक होती. म्हणून उत्तरे देताना जोडणीवर अधिक भर दिला आहे.

प्रश्न : आमच्या शाळेतील वीस मुली कास पठारावरील फुलांचे नृत्य सादर करतात. मागील वर्षी आम्ही बाइंडिंग वायरवर कापड चढवून पाकळ्या केल्या आणि त्या गळ्याभोवतीच्या कॉलरला शिवल्या. नृत्य अर्ध्यावर येईपर्यंत पाकळ्या खाली लोंबू लागल्या आणि पांढऱ्या कॉलरवर तांबूस डाग पडले. या वर्षी अधिक जाड तार घ्यावी काय?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : बाइंडिंग वायर ही मऊ केलेली लोखंडी तार असते. बांधकामावर सळया बांधताना ती पक्कडीने चटकन पिळता यावी, म्हणून तिला तापवून मुद्दाम नरम केलेले असते. त्यामुळे नाचताना बसणाऱ्या हिसक्यांनीही ती तितक्याच सहज वाकते. तिच्यावर जस्ताचा थर नसतो, म्हणून गळ्याच्या घामाने ती गंजते आणि तो गंज कापडात उतरतो. तेव्हा अंगाला लागणाऱ्या पोशाखात ही तार वापरू नये, हे प्रथम सांगते.

तिच्या जागी २ मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची तार घ्यावी. तारेचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली तर वजन चौपट होते पण ताठपणा सोळापट होतो. अॅल्युमिनियमचा अंगचा ताठपणा लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश असला तरी वजनही जवळपास तेवढेच कमी असते. १८ गेजची बाइंडिंग वायर सुमारे १.२ मिलिमीटर जाड असते. तिच्याशी ताडून पाहता २ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची तार सुमारे अडीच पट ताठ ठरते आणि वजनाला किंचित कमीच भरते. दुकानात गेजमध्ये मागणी करताना एवढे लक्षात असू द्यावे की गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक : १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, १६ गेज म्हणजे १.६ आणि २० गेज म्हणजे ०.९ मिलिमीटर.

बारीक तारेचे दोन पदर एकत्र पिळून घेण्याची सवय अनेकांना असते. त्याने ताठपणा जेमतेम दुप्पट होतो. तेवढ्याच वजनाची एकच जाड तार घेतली तर तो चौपट मिळतो. पिळलेल्या तारेवर कापड कमी घसरते, हा तिचा खरा फायदा. ताकदीसाठी मात्र ती घेऊ नये.

आता मूळ दोषाकडे येऊ. आपण पाठवलेल्या छायाचित्रात पाकळ्यांचा आकार शाबूत दिसतो; कडा गोल आहेत आणि टोके सरळ आहेत. याचा अर्थ पाकळ्या वाकलेल्या नाहीत, त्या मुळाशी फिरल्या आहेत. प्रत्येक पाकळीच्या तारेची दोन टोके एकत्र पिळून त्यांचा एकच दांडा केलेला आहे आणि तो दांडा कॉलरवर चार टाक्यांनी धरलेला आहे. एकाच दांड्यावर उभी असलेली वस्तू टाक्यांमध्ये खुंटीसारखी फिरते आणि वजनाच्या बाजूला कलते. तार कितीही जाड घेतली तरी हे होणारच, उलट जाड तारेचे वजन अधिक असल्याने ते लवकर होईल.

यावर उपाय असा की तारेची दोन टोके एकत्र आणू नयेत. त्यांच्यामध्ये तीन ते चार सेंटिमीटर अंतर ठेवावे, प्रत्येक टोक सहा-सात सेंटिमीटर लांब सोडून ते बाहेरच्या बाजूला वळवावे आणि त्याच्या शेवटी नाकपक्कडीने लहान गोल कडी करावी. कॉलर बक्रमच्या (ताठ अस्तराच्या कापडाच्या) दोन थरांची करावी, ही दोन्ही टोके त्या थरांच्या मध्ये ठेवावीत आणि दुहेरी धाग्याच्या काजटाक्याने संपूर्ण लांबीभर शिवून घ्यावीत. मग पाकळी फिरू शकत नाही, कारण तिला दोन पाय मिळालेले असतात. टोकाची कडी शिलाईत अडकल्यामुळे तार बाहेर सरकत नाही आणि मुलीच्या मानेला टोचण्याचा धोकाही टळतो.

पाकळीचे कापड ऑर्गंडीचे असावे आणि त्याला खळ द्यावी. पाकळीच्या मधल्या शिरेवर कापडाचा उभा धागा येईल अशी ती बेतावी. असे बेतले की पाकळीच्या गोल कडा बऱ्याच भागात उरेब, म्हणजे धाग्यांना तिरप्या, येतात आणि शिवताना ताणल्या जातात. म्हणून तार थेट कडेत घालून शिवण्याऐवजी आधी कडेला उरेब पट्टीचा नेफा शिवावा आणि नंतर त्यात तार ओवावी. तार ओवल्यावर पाकळी टेबलावर सपाट ठेवून पाहावी. कडेला लाटा आल्या तर तार लांब झाली आहे. पाकळी वाटीसारखी उचलली गेली तर नेफा आखूड झाला आहे. ही तपासणी पहिल्या पाकळीवर नीट करावी, कारण वीस मुलींच्या शंभरावर पाकळ्या तिच्याच मापाने कापल्या जाणार आहेत. मशीनवर तारेजवळून शिवताना चाक हातानेच फिरवावे. सुई तारेवर आदळून तुटली तर तिचा तुकडा डोळ्याकडे उडतो.

आणखी एक सुचवावेसे वाटते. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारशात समावेश झाल्यापासून या नृत्यांचे प्रमाण वाढले आहे, आणि त्यांत प्रत्येक फुलाला एकाच आकाराच्या पाच पाकळ्या लावलेल्या दिसतात. आपण साताऱ्यात राहता, पठार आपल्यापासून पंचवीस किलोमीटरवर आहे. मुलींना एकदा तिथे नेऊन फुलांचे आकार काढून घ्यायला सांगावे. सोनकीच्या अरुंद, चपट्या, पिवळ्या पाकळ्यांना कडेची तार शोभते. मुले ज्याला मिकी माउसचे फूल म्हणतात त्या कावळ्याच्या फुलावर दोन लालसर ठिपके असतात आणि ते टिकलीच्या कापडाने सहज होतात. सात वर्षांनी फुलणाऱ्या टोपली कारवीचे फूल घंटेसारखे असते. तिथे कडेला तार घालण्याची गरजच नाही. घंटेच्या तोंडाशी तारेचे एक कडे आणि कमरेशी नाडी एवढे पुरते, मधले कापड स्वतःच्या वजनाने पडून घंटेचा आकार घेते. वीसपैकी सात-आठ मुलींना कारवी केले तर तारेचा खर्च आणि श्रम दोन्ही लक्षणीय कमी होतील.

प्रश्न : ५ नोव्हेंबरच्या मराठी रंगभूमी दिनासाठी आमचे हौशी मंडळ विष्णुदासी पद्धतीचा प्रारंभ सादर करणार आहे. त्यात मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती आहे. कमरेला बांधायचा मोर तारेचा करून पाहिला, पण तो चालताना डावी-उजवीकडे झुलतो, मान कोसळते आणि पिसारा तिरका होतो. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक रंगकर्मी, सांगली

उत्तर : ज्या गावात १८४३ मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या गावातून हा प्रश्न यावा याचा मला फार आनंद झाला. भावे स्वतः लाकडी बाहुल्या घडवणारे कारागीर होते, तेव्हा हातकारागिरी या परंपरेच्या मुळाशीच आहे.

मोर झुलतो, कारण त्याचे सगळे वजन कमरेच्या एका पट्ट्यावर आहे. कंबर चालताना प्रत्येक पावलाला वर-खाली होते, आणि मोर पुढे-मागे लांब असल्याने ती लहानशी हालचाल टोकाशी मोठी होऊन दिसते. वजन खांद्यांवर घ्यावे. दोन रुंद पट्टे खांद्यांवरून घेऊन पाठीवर फुली करून मोराच्या कमरेभोवतीच्या तारेच्या कड्याला चार ठिकाणी बांधावेत. कंबरपट्टा फक्त कडे अंगाजवळ धरण्यासाठी ठेवावा. सरस्वतीच्या शेल्याखाली हे पट्टे झाकले जातात. कड्यासाठी ८ किंवा १० गेजची जस्ताचा मुलामा असलेली जाड तार घ्यावी, कारण इथे वाकणारी तार उपयोगाची नाही. कड्याच्या तारेची टोके एकमेकांना भिडवून न थांबता ती किमान आठ-दहा सेंटिमीटर एकमेकांवर चढवावीत, बारीक तारेने घट्ट गुंडाळावीत आणि वर सुती पट्टी शिवावी.

धडाचा सांगाडा उभ्या फासळ्या आणि आडवी कडी असा केलेला आहे, हे आपल्या रेखाटनावरून दिसते. अशा सांगाड्यात चौकोनी घरे तयार होतात, आणि चौकोनाला बाजूने ढकलले की तो तिरका होतो. पिसारा तिरका होण्याचे कारण हेच आहे. प्रत्येक घरात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मजबूत दोरा दोन्ही बाजूंनी ताणून बांधावा. तार वाढवण्याची गरज नाही, कारण तिरकस बांधलेल्या दोऱ्याला फक्त ओढ सोसायची असते आणि दोरा ओढ उत्तम सोसतो. याच कारणाने सांगाड्यावर चढवायचे मांजरपाटही विचार करून बेतावे. कापड उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या दिशेने ताणले जात नाही, तिरके ताणले जाते. म्हणून धागा चौकोनाच्या कोपऱ्यांकडे जाईल असे तिरपे कापड लावले तर तेच सांगाड्याला आवळून धरते. शिंप्याची नेहमीची सवय याच्या उलट असते, आणि त्यामुळे नवख्या हातांनी केलेले सांगाडे बऱ्याचदा लुळे पडतात.

मान कोसळते ती वेगळ्या कारणाने. तिथे आपण तारेचे वेटोळे केले आहे आणि वेटोळे म्हणजे स्प्रिंगच, ती लवणारच. मानेच्या मध्ये ३ ते ४ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या दोन उभ्या तारा, एकमेकींपासून चार बोटे अंतर ठेवून, छातीच्या कड्यापासून डोक्यापर्यंत न्याव्यात आणि वेटोळे त्यांना प्रत्येक फेऱ्यात दोऱ्याने बांधावे. वर होजिअरीचे कापड पायमोज्यासारखे ओढून घ्यावे. मान एकाच वेळी दोन दिशांनी गोल असते, आणि विणलेले साधे कापड चुण्या घातल्याशिवाय अशा आकारावर बसत नाही. होजिअरी मात्र दोन्ही दिशांनी ताणली जाते आणि सुरकुतीशिवाय बसते. डोके रिकामे आणि हलके ठेवावे. तिथे कागदाचा लगदा वापरला असेल तर तो काढून स्पंज कोरून बसवावा.

पिसाऱ्याच्या फासळ्या ३ मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या असाव्यात आणि प्रत्येक फासळीला मुळाशी दोन पाय असावेत. वर साताऱ्याच्या शिक्षिकांना सांगितलेली युक्ती इथेही तशीच लागू होते. तालमीला सुरुवात होण्यापूर्वी विंगेची रुंदी प्रत्यक्ष मोजून घ्यावी आणि रंगमंचावर उघडेपर्यंत पिसारा मिटून ठेवता येईल अशी सोय करावी. रंगमंचावर दिव्यांच्या वायरी आणि फिटिंगच्या जवळून धातूचा पिसारा नेला जाणार असेल, तर त्याच्या फासळ्या पूर्णपणे कापडाने झाकलेल्या असाव्यात आणि दिवे लावणाऱ्या तंत्रज्ञाला मार्ग आधी दाखवावा.

प्रश्न : आमच्याकडे द्राक्षबागेच्या मांडवाची उरलेली तार बरीच पडून आहे. ती पोशाखांसाठी वापरता येईल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : पोशाखासाठी नव्हे, सांगाड्यासाठी जरूर वापरता येईल. बागेची तार ताण सोसण्यासाठी केलेली असते. ती कडक असते आणि भेंडोळ्याचा बाक सहज सोडत नाही, त्यामुळे बारीक आकार देताना ती हाताला दाद देत नाही. मोराचे कडे, गौरीचे हात, प्रवेशद्वाराची कापडी कमान अशा मोठ्या कामांना ती उत्तम आहे. कापलेल्या टोकावर जस्ताचा थर उरत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून प्रत्येक टोकावर नेलपॉलिश किंवा ऑइलपेंट लावून मगच कापड चढवावे. औषध फवारणीचे डाग असलेली तार साबणाने धुऊन घेतल्याशिवाय घरात आणू नये.

प्रश्न : मिरजेत सतारीच्या जुन्या तारा सहज मिळतात. फुलपाखराच्या पोशाखातील मिशांसाठी त्या चालतील का? मुलगा सहा वर्षांचा आहे. गौरींच्या साडीच्या निऱ्या आणि पदर उभा राहण्यासाठीही तारेचा काही उपाय असल्यास सांगावा.
— एक गृहिणी, मिरज

उत्तर : मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्या वाद्यांच्या तारा आपल्या गावात सहज मिळतात ही चांगली सोय आहे. सतारीची पोलादी तार अतिशय बारीक असते, पण ती वाकवून सोडली की मूळ जागी परत येते. मिशांना जी थरथर हवी असते ती अशाच तारेने येते. अॅल्युमिनियमच्या मिशा एकदा दाबल्या गेल्या की दिवसभर वाकड्या राहतात. मात्र याच गुणामुळे ती लहान मुलांसाठी जपून वापरावी लागते. वाकलेली तार सुटताना जोराने उसळते आणि तिचे टोक सुईसारखे असते. टोक गोल वळवून कडी करावी, तिच्यावर कापसाचा बोंडाएवढा गोळा शिवून घट्ट करावा, आणि मिशीची लांबी वीतभराहून अधिक ठेवू नये. तार कापताना तुकड्याचे दुसरे टोक हाताने धरून ठेवावे. मुलगा सहा वर्षांचा असल्याने मिशा केसपट्टीला कायमच्या शिवलेल्या असाव्यात, हाताने काढता येतील अशा नकोत.

गौरींच्या बाबतीत वजनाची चिंता नसते, कारण लोखंडी स्टँड जमिनीवर उभा असतो. तिथे जाड, कडक तार खुशाल वापरावी. हातांसाठी १० गेजची तार दुहेरी घ्यावी, खांद्यापाशी ती स्टँडच्या आडव्या पट्टीला दोन ठिकाणी बांधावी, वर कापूस गुंडाळून कापड शिवावे. बांगड्या घातल्यावर हात किती खाली येतो ते आदल्या दिवशीच पाहावे.

साडीला मात्र तार थेट लावू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पैठणी किंवा इरकल यांत ओवलेली तार धागे सरकवते, टाचणीची छिद्रे पुन्हा मिटत नाहीत, आणि लोखंडाचा डाग रेशमावरून जवळजवळ कधीच जात नाही. त्याऐवजी दोन बोटे रुंदीच्या सुती पट्टीच्या नेफ्यात २ मिलिमीटरची तार ओवून तिला हवा तो बाक द्यावा, ती पट्टी स्टँडला बांधावी आणि पदर तिच्यावर नुसता टाकून आतून कपड्यांच्या प्लॅस्टिकच्या चिमट्याने धरावा. निऱ्यांसाठीही हेच : निऱ्या आधी कागदाच्या पट्टीवर घालून इस्त्री करून घ्याव्यात आणि मागून आडव्या पट्टीवर चिमट्यांनी धराव्यात. आकार पट्टीने द्यावा आणि साडी तिच्यावर विसावलेली असावी. तिसऱ्या दिवशी गौरींचे विसर्जन झाल्यावर साडी घडी घालताना आपल्याला याचे महत्त्व पटेल.

प्रश्न : २०१९ च्या महापुरात आमच्या मंडळाच्या ट्रंका पाण्यात गेल्या. पंखांचे, मुकुटांचे आणि झालरींचे बरेच पोशाख आम्ही वाळवून ठेवले होते. आता उघडून पाहिले तर तारेच्या कडेने सगळीकडे गंजाच्या रेषा आल्या आहेत. काही वाचवता येईल का?
— एक कार्यकर्ते, सांगली

उत्तर : काही वाचेल, सगळे वाचणार नाही. सर्वप्रथम प्रत्येक पोशाखातील तार काढून टाकावी. ती वरून चांगली दिसत असली तरी ठेवू नये, कारण गंजलेली तार आत राहिली तर प्रत्येक पावसाळ्यात नवा डाग देत राहील. नेफा एका टोकाला उसवावा आणि तार ओढून काढावी. ती अडकली तर जोर न लावता नेफा आणखी उसवावा, गंजाने खरखरीत झालेली तार कापड आतून फाडते. हे काम हातमोजे घालून करावे.

पांढऱ्या किंवा पक्क्या रंगाच्या सुती कापडावरील डागांवर मीठ पसरून लिंबाचा रस पिळावा, कापड उन्हात ठेवावे, वाळल्यावर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावे आणि गरज पडल्यास हेच पुन्हा करावे. आधी आतल्या शिलाईच्या जागी थोडे लावून रंग उतरत नाही ना हे पाहावे. कपडे पांढरे करण्याचे ब्लीच मुळीच वापरू नये. गंजाचा डाग त्याने जात नाही, उलट अधिक पक्का बसतो. जर आणि रेशीम असलेल्या भागांना लिंबूही लावू नये. तिथे डागाचा तुकडा कापून त्यावर नवीन किनार किंवा झालर शिवणे हाच मार्ग आहे.

वाचलेल्या कापडात आता अॅल्युमिनियमची तार घालावी, पण ती पूर्वीसारखी कायमची शिवू नये. प्रत्येक नेफ्याचे एक टोक उघडे ठेवून तिथे टिचबटण लावावे, म्हणजे प्रयोग संपल्यावर तार ओढून वेगळी करता येईल. तार काढल्यावर पोशाख धुताही येतो आणि सपाट घडी घालून कमी जागेत ठेवताही येतो. प्रत्येक तारेला कापडी चिठ्ठी शिवून तिच्यावर पोशाखाचे आणि भागाचे नाव शाईऐवजी दोऱ्याने घालावे, कारण शाई पाण्यात टिकत नाही. तारा भेंडोळे करून न ठेवता भिंतीवर दोन खिळ्यांवर आकारातच टांगून ठेवाव्यात. वळवलेली तार पुन्हा पुन्हा सरळ करत राहिले तर ती त्या जागी कठीण होत जाते आणि शेवटी मोडते. आणि ट्रंका या वेळी तळमजल्यावर ठेवू नयेत. मंडळाच्या कार्यालयाला वरचा मजला नसेल, तर जून लागण्यापूर्वी त्या गावाच्या उंच भागातील एखाद्या सभासदाच्या घरी हलवाव्यात.